जरा दमाने घे!

सबमिशन, व्हायवा, केटी, प्लेसमेंट... टेन्शनची यादी काही संपत नाही. पण या सगळ्या धावपळीत एक गोष्ट कायम आपल्यासोबत असते आणि नेमकं तिच्याकडेच आपलं लक्ष नसतं. ती म्हणजे आपला श्वास. त्याच्याशी थोडी ओळख करून घ्यायला काय हरकत आहे?

व्हायवाचा दिवस. लॅबबाहेर रोल नंबरप्रमाणे रांग लागलीय. छातीशी घट्ट धरलेलं जर्नल, त्यावर कालच कशीबशी मिळवलेली सही. आतून बाहेर येणारा प्रत्येक जण 'एक्स्टर्नल खूप खोदून विचारतायत रे' एवढंच सांगून सटकतो. तुमच्याआधी आता दोघंच उरलेत. तळहात ओले झालेत, घशाला कोरड पडलीय आणि रात्री दोनपर्यंत जागून पाठ केलेली डेफिनिशन काही केल्या आठवत नाहीये.

आता एक प्रश्न. अशा वेळी तुमचा श्वास कसा चालू असतो? छातीतली धडधड आठवेल, पोटातला गोळा आठवेल, पण श्वासाचं काही सांगता येणार नाही. साहजिकच आहे. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. म्हणजे दिवसाला १७ हजारांपासून २८ हजारांपर्यंत. इतक्या वेळा होणाऱ्या गोष्टीची नोंद कोण ठेवणार? पण त्या रांगेत उभं असताना कुणी तुमचं शूटिंग केलं असतं, तर दिसलं असतं की खांदे वर ओढले गेलेत, श्वास नुसता छातीच्या वरच्या भागात अडकलाय, भराभर चाललाय आणि मध्येच काही सेकंद चक्क थांबतोय.

आणि गंमत म्हणजे, टेन्शनमध्ये शरीरात जे जे बिघडतं त्यातली हीच एक गोष्ट अशी आहे, जी तुम्ही तिथल्या तिथे, रांगेत उभ्या उभ्या, कुणाच्या लक्षात न येता बदलू शकता.

'दम' है!

श्वासाचं आणि मनाचं नातं शोधायला लांब कशाला जायला हवं? आपली भाषाच बघा ना. घाई केली की आजी म्हणते, 'जरा दमाने घे.' फार बोललो की कुणीतरी म्हणतं, 'अरे, दम खा जरा.' रिझल्ट लागेपर्यंत आपण श्वास रोखून बसतो, पास झालो की सुटकेचा नि:श्वास टाकतो. गर्दीच्या लोकलमध्ये जीव गुदमरतो आणि उतरल्यावर जिवात जीव येतो. संयमासाठी, धमकीसाठी, ताकदीसाठी आणि श्वासासाठी मराठीत एकच शब्द चालतो : दम.

ज्यांचं काम श्वासावर चालतं त्यांनी तर याचं शास्त्रच केलंय. गाणं शिकवणारे 'दमसास' वाढवायला सांगतात. कबड्डीत चढाई करणारा खेळाडू दम घालत जातो आणि दम तुटला की खेळ संपला. एकांकिका करणाऱ्या तुमच्या ग्रुपमधल्या कुणालाही विचारा. तालमीच्या पहिल्या आठवड्यात 'घशातून नको, पोटातून आवाज काढ' हे वाक्य त्यांनी शंभर वेळा ऐकलेलं असतं. नेमबाजीतही तेच. श्वास सोडून झाल्यानंतर पुढचा श्वास सुरू होण्याआधी एक छोटासा थांबा असतो, शरीर त्या क्षणी सगळ्यात कमी हलतं, म्हणून चाप ओढण्यासाठी नेमबाज तोच क्षण गाठायला शिकतात. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं, तो खेळ असा श्वासाच्या हिशेबाचा आहे.

थोडक्यात, श्वासाकडे लक्ष देणं हे फक्त रिटायर झालेल्या काकांचं पहाटेचं काम नाही. प्रेशरखाली परफॉर्म करणाऱ्या माणसाचं ते रोजचं हत्यार आहे. आणि प्रेशरखाली परफॉर्म करणं हे आपलं सध्याचं पूर्णवेळ काम नाही का?

ड्रायव्हिंग स्कूलची गाडी

हे काम कसं करतं, ते समजून घेऊ. दहावीच्या विज्ञानाची थोडी उजळणी होईल, पण घाबरू नका, यावर प्रश्न विचारणार नाही.

आपल्या शरीरातल्या बऱ्याच गोष्टी आपल्याला न विचारता चालतात. हृदयाचे ठोके, पचन, घाम, डोळ्याच्या बाहुलीचं लहानमोठं होणं. हे सगळं स्वायत्त चेतासंस्था बघते. तिच्या दोन बाजू. अनुकंपी, म्हणजे सिम्पथेटिक बाजू ॲक्सिलरेटरसारखी. धोका दिसला की ही बाजू जोर धरते. ठोके वाढतात, श्वास वाढतो, पचन मागे पडतं, रक्त स्नायूंकडे वळतं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ सालच्या आपल्या पुस्तकात हे मांडलं आणि 'फाइट ऑर फ्लाइट', म्हणजे 'लढा किंवा पळा' ही संकल्पना रूढ झाली. दुसरी परानुकंपी, म्हणजे पॅरासिम्पथेटिक बाजू ब्रेकसारखी. धोका टळला की ही शरीराला पुन्हा शांत करते.

अडचण एवढीच, की समोर वाघ आहे की एक्स्टर्नल, हा फरक या यंत्रणेला फारसा कळत नाही. पळून जायचं नसतं, लढायचंही नसतं, नुसतं खुर्चीत बसून उत्तरं द्यायची असतात. पण शरीर मात्र शर्यतीला उभं असल्यासारखं तयार होतं.

ठोके कमी करा असा हुकूम तुम्ही हृदयाला थेट देऊ शकत नाही. घामालाही नाही. श्वासाचं मात्र वेगळं आहे. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आठवा. शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो. श्वासाची गाडी तशी आहे. झोपेत, गप्पा मारताना, रील्स बघताना ती मेंदूचा खालचा भाग चालवतो. पण तुम्ही कधीही पेडलवर पाय ठेवू शकता आणि गाडी तुमचं ऐकते.

आणि या पेडलला हृदय जोडलेलं आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात, सोडताना थोडे कमी होतात. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ सालीच हे नोंदवून ठेवलंय. मेंदूपासून निघून छाती-पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची लांब नस आहे, ती हृदयाचा ब्रेक. श्वास घेताना हा ब्रेक जरा सैल होतो, सोडताना पुन्हा लागतो. विश्वास बसत नसेल तर मनगटावर दोन बोटं ठेवून सावकाश श्वास घ्या आणि सोडा. तरुण वयात हा फरक जास्त ठळक असतो, त्यामुळे बहुतेकांना तो बोटांखाली जाणवेल.

आता पुढचं गणित सोपं आहे. श्वास सोडताना ब्रेक लागतो ना? मग सोडण्याचा वेळ वाढवला, की ब्रेक जास्त वेळ लागलेला राहतो. 'सावकाश सोड' या जुन्या सल्ल्यामागे इतकं साधं कारण आहे.

श्वासाची वाट उलट दिशेने मेंदूतही जाते. श्वासाची लय ठरवणारा पेशींचा एक छोटा पुंजका मेंदूच्या खालच्या भागात असतो. २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. या पुंजक्यातल्या काही पेशी मेंदूच्या 'जागं राहा, सावध राहा' सांगणाऱ्या केंद्राला थेट खबर देतात, असं त्यात आढळलं. त्या मोजक्या पेशी काढून टाकल्यावर उंदीर श्वास घेत राहिले, पण नव्या पिंजऱ्यात इकडून तिकडे हुंगत फिरण्याऐवजी शांत बसून राहू लागले. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे खरंच. पण भराभर श्वास मनाला अस्वस्थ का करतो, याचा एक धागा इथे सापडतो.

ऑक्सिजनचा गैरसमज

'मोठा श्वास घे, मेंदूला ऑक्सिजन मिळेल.' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. गंमत अशी, की निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजनची पातळी तशीही ९५ टक्क्यांच्या वर असते. कोविडच्या काळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरमुळे हा आकडा आपल्याला पाठ झालाय. टाकी जवळजवळ भरलेलीच आहे. अजून किती भरणार?

उलट टेन्शनमध्ये आपण गरजेपेक्षा जास्त हवा आतबाहेर करतो, तेव्हा कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो. त्याची पातळी घसरली की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. मग गरगरतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, छातीवर दडपण येतं. ही लक्षणं बघून माणूस अजून घाबरतो आणि अजून जोरात श्वास घेतो. असं चक्र सुरू होतं.

म्हणून पॅनिक झालेल्या मित्राला 'मोठ्ठा श्वास घे, अजून मोठ्ठा' असं सांगू नका. 'हळू सोड' असं सांगा. आणि सिनेमात दाखवतात तशी कागदी पिशवी तोंडाला लावायला देऊ नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर ते धोक्याचं ठरू शकतं.

उसासा टाका, बिनधास्त

आपण दर काही मिनिटांनी नकळत एक उसासा टाकतो, हे तुम्हाला माहीत आहे का? दु:ख झालं म्हणून नाही. फुप्फुसांत कोट्यवधी छोटे वायुकोश असतात आणि त्यातले काही अधूनमधून मिटतात. एक श्वास, त्यावर अजून थोडा श्वास, अशी भर पडली की ते पुन्हा उघडतात. म्हणजे उसासा ही फुप्फुसांची देखभाल-दुरुस्ती आहे.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी याच उसाशाचा व्यायाम केला. नाकाने श्वास घ्यायचा, तो पूर्ण होत आला की अजून थोडा घ्यायचा आणि मग तोंडाने सावकाश, लांब सोडायचा. शंभरहून अधिक जणांना वेगवेगळ्या गटांत विभागलं. काहींनी महिनाभर रोज पाच मिनिटं असे उसासे टाकले, काहींनी श्वासाचे दुसरे प्रकार केले, काहींनी तेवढाच वेळ नुसतं ध्यान केलं. २०२३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अस्वस्थता सगळ्यांचीच कमी झाली. पण मूड सुधारण्यात श्वासाचे व्यायाम करणारे पुढे होते आणि त्यातही उसासेवाले सगळ्यात पुढे. रोजची पाच मिनिटं! चहाच्या टपरीवर ऑर्डर देऊन कटिंग हातात येईपर्यंत तेवढा वेळ जातोच.

जपमाळ आणि सहाचा आकडा

२००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इटलीतल्या पाविया इथल्या डॉक्टरांचा एक मजेशीर अभ्यास आला होता. त्यांनी काही निरोगी माणसांना लॅटिनमधून रोझरीची 'आवे मारिया' प्रार्थना म्हणायला लावली आणि नंतर 'ओम मणि पद्मे हुम' हा मंत्र. दोन धर्म, दोन भाषा, दोन खंड. पण दोन्ही म्हणताना माणसांचा श्वास आपोआप मिनिटाला जवळपास सहापर्यंत खाली आला. एक श्वास सुमारे दहा सेकंदांचा. रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणेची स्वतःची एक लय असते, तीही साधारण दहा सेकंदांचीच. दोन्ही लयी जुळल्या की ती यंत्रणा जास्त तत्पर होते, असं त्यांना दिसलं.

आता वसईच्या किंवा गोव्याच्या एखाद्या घरातला संध्याकाळचा रोजार आठवा. वारीत टाळाच्या ठेक्यावर म्हटलेला हरिपाठ आठवा. लहानपणी एका लयीत म्हटलेली रामरक्षा आठवा. या सगळ्यांचं मोजमाप त्या अभ्यासात झालेलं नाही, पण एक गोष्ट सारखीच आहे. मोठ्याने म्हणताना श्वास पटकन घेतला जातो आणि शब्दांबरोबर सावकाश सुटतो. श्रद्धा असो वा नसो, लांब नि:श्वासाची सवय लावणारी ही जुनी शाळा आहे. तुमचा देवावर विश्वास नसेल तर बाथरूममध्ये गाणं म्हणा. फुप्फुसांना फरक पडत नाही!

लोणावळा आणि इगतपुरी

श्वासाला प्रयोगशाळेत नेण्याच्या गोष्टीत महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्याला 'कैवल्यधाम' सुरू केलं. हिलस्टेशनला गेल्यावर चिक्कीच्या दुकानापलीकडे आपल्याला काही दिसत नाही, पण योगाचा शास्त्रीय अभ्यास करणारी जगातली ही सुरुवातीची संस्था. त्याच वर्षी त्यांनी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही काढलं. चमत्काराच्या गोष्टी सांगण्याऐवजी त्यांनी क्ष-किरण यंत्र आणि दाबमापक हाती घेतले. प्राणायामात ऑक्सिजन किती घेतला जातो आणि कार्बन डायऑक्साइड किती बाहेर पडतो, याचीही मोजदाद त्यांनी केली. 'आमच्या ग्रंथात लिहिलंय' एवढ्यावर न थांबता मोजून बघणारा हा माणूस सायन्सच्या मुलांनी तरी माहीत करून घ्यायलाच हवा.

दुसरं ठिकाण इगतपुरी. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतलं 'धम्मगिरी' हे विपश्यना केंद्र तिथे १९७६पासून आहे. दहा दिवसांचं शिबिर, मौन, मोबाइल जमा. पहिले तीन दिवस एकच काम : नाकातून आत जाणारा आणि बाहेर येणारा श्वास बघायचा. याला आनापान म्हणतात. आपल्या राज्यातल्या अनेक शाळांमध्ये 'मित्र उपक्रम' या नावाने हे शिकवलं गेलंय. तुमच्यातल्या काहींनी शाळेत डोळे मिटून ते केलंही असेल. आणि एक डोळा उघडून शेजारच्याकडे बघितलंही असेल.

या दोन ठिकाणांमुळे एक महत्त्वाचा फरक कळतो. प्राणायामात आपण श्वासाला वळण लावतो. पूरक म्हणजे घेणं, कुंभक म्हणजे रोखणं, रेचक म्हणजे सोडणं. आनापानात काहीच करायचं नसतं. उथळ असेल तर उथळ, लांब असेल तर लांब, जसा आहे तसा श्वास फक्त बघायचा. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. पाचव्या श्वासाला मन कँटीनमध्ये गेलेलं असतं. ते गेलंय हे लक्षात येणं आणि त्याला न ओरडता परत आणणं, हाच सगळा व्यायाम. जिममध्ये डंबेल उचलतात, इथे लक्ष उचलून परत जागेवर ठेवायचं.

याचा अभ्यासाला उपयोग काय? श्वास बघायची सवय लागली की टेन्शन यायला लागलंय हे आधी कळतं. धडधड पूर्ण वाढून हात थरथरायला लागल्यावर नाही, तर खांदे वर चढायला लागतात तेव्हाच. गॅसवरचं दूध उतू गेल्यावर ओटा पुसण्यापेक्षा वर येताना बघून गॅस बारीक केलेला बरा, तसंच.

आजच एक छोटा प्रयोग करा. फोनवर एखाद्या महत्त्वाच्या मेसेजचं 'टायपिंग' दिसत असताना किंवा रिझल्टची साइट लोड होत असताना स्वतःच्या श्वासाकडे बघा. बहुतेक वेळा तो थांबलेला सापडेल. लिंडा स्टोन यांनी २००८ साली याला 'ईमेल ॲप्निया' असं नाव दिलं होतं. तेव्हा ईमेल होते. आता आपल्याकडे श्वास रोखायला भाग पाडणारे ग्रुप किती आहेत, ते तुमचं तुम्ही मोजा.

रील्समधले दावे

आता थोडं सावध होऊ. श्वासाच्या नावाखाली बाजारात बरंच काही विकलं जातं. 'सात दिवसांत नैराश्य गायब', 'अमुक सेकंदांचा सीक्रेट पॅटर्न', महागडे रिट्रीट, त्याहून महाग सर्टिफिकेट कोर्स. विज्ञान काय म्हणतं? २०२३ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात आतापर्यंतच्या १२ प्रयोगांचा एकत्रित आढावा आला. श्वासाच्या व्यायामाने ताण कमी होतो, पण परिणाम लहान ते मध्यम आहे आणि उगाच गाजावाजा करू नये, असा त्याचा सूर होता. त्याच संशोधकांनी ४०० जणांवर आणखी एक प्रयोग केला. एका गटाने मिनिटाला साडेपाच श्वासांची 'खास' लय पाळली, दुसऱ्याने मिनिटाला १२ची साधी. रोज सुमारे दहा मिनिटं, चार आठवडे. दोन्ही गटांना बरं वाटलं आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

याचा अर्थ सगळं खोटं आहे का? नाही. पण जादू कदाचित नेमक्या आकड्यात नाही. दिवसातून दहा मिनिटं थांबून स्वतःकडे लक्ष देणं, हेच औषधाचा मोठा भाग असू शकतं. त्यामुळे 'सीक्रेट पॅटर्न'साठी पैसे मोजायची गरज नाही.

काही गोष्टींत मात्र खरोखर जपा. जोरजोरात, भराभर श्वास घेण्याचे प्रकार व्हिडिओ बघून करू नका. पोहायच्या तलावात किंवा पाण्याजवळ तर कधीच नाही, कारण त्यानंतर श्वास रोखून पाण्यात गेलेला माणूस कोणतीही सूचना न मिळता बेशुद्ध पडू शकतो. दमा, हृदयविकार, रक्तदाब, फिट येणं यातलं काही असेल तर श्वास रोखून धरण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आणि काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट जास्त घाबरायला होतं. तुमचं असं होत असेल तर स्वतःला दोष देऊ नका. डोळे उघडे ठेवा, तळपायाला लागणारी जमीन जाणवून घ्या, खोलीतले आवाज मोजा. मुद्दा मन जाग्यावर आणण्याचा आहे, श्वासाचा हट्ट नाही.

श्वास पुरत नाही तेव्हा

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि या यादीत महाराष्ट्र पहिला होता. या आकड्यासमोर 'दीर्घ श्वास घ्या' असं म्हणणं थट्टा वाटेल. वाटायलाच हवी. फीचा हप्ता थकलाय, घरी शेती पाण्यात गेलीय, एमपीएससीचा तिसरा अटेम्प्ट हुकलाय, हॉस्टेलवर कुणीतरी छळतंय. यातला कोणताही प्रश्न श्वास सोडवत नाही. कॉलेजात समुपदेशक नेमण्याऐवजी वर्षातून एकदा 'स्ट्रेस मॅनेजमेंट'चं लेक्चर ठेवून मोकळं होणाऱ्यांना हा लेख म्हणजे सूट नव्हे.

श्वास एवढंच करतो, की पूर आलेल्या डोक्यातलं पाणी थोडं ओसरतं. पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे दिसण्याइतपत. आणि कधीकधी ते पुढचं पाऊल 'मला मदत हवीय' असं कुणालातरी सांगणं हेच असतं. दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नको वाटतंय, असं होत असेल तर एकट्याने श्वास मोजत बसू नका. मित्राला, घरच्यांना, विश्वासातल्या सरांना किंवा मॅडमना सांगा. डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा. तुम्हाला नाही तर तुमच्या रूममेटला लागेल.

चौकट : करून बघा

१. मोजा : ताठ बसा, पण कडक नको. एक हात छातीवर, एक पोटावर. श्वास बदलू नका, फक्त बघा. कोणता हात जास्त हलतोय? प्रत्येक श्वास सोडताना एक अंक, एक ते दहा. मध्येच विसरलात तर पुन्हा एकपासून. दहापर्यंत पोहोचायला पहिल्या आठवड्यात नाकी नऊ येतील. चालतंय.

२. चार-सहा : मनात चार मोजत नाकाने श्वास घ्या, सहा मोजत सोडा. पोट फुगू दे, खांदे खालीच राहू देत. एक श्वास दहा सेकंदांचा, मिनिटाला सहा. सहा जड जात असेल तर तीन-चार करा. घेण्यापेक्षा सोडणं लांब, एवढंच लक्षात ठेवा. पेपर हातात पडायच्या आधी, रांगेत, बसमध्ये, कुठेही जमतं.

३. दुहेरी उसासा : नाकाने श्वास, त्यावर अजून एक छोटा श्वास, मग तोंडाने सावकाश सोडा. घाबरगुंडी उडाली असेल तेव्हा दोन-तीन वेळा. निवांत असाल तेव्हा पाच मिनिटं.

४. भ्रामरी : ओठ मिटून भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडा. नि:श्वास आपोआप लांबतो. फक्त हॉस्टेलवर रात्री करणार असाल तर रूममेटला आधी कल्पना द्या.

कधी करायचं? शांत असताना. हो, शांत असतानाच. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा पाण्यात उडी मारून कुणी पोहायला शिकत नाही. रोज एकाच वेळी, एकाच जागी, पाच मिनिटं. ब्रश केल्यावर किंवा लोकलमध्ये सीट मिळाल्यावर. पंधरा दिवसांनी स्वतःच बघा काही फरक पडला का. पडला तर पुढे चालू ठेवा, नाही पडला तर चालायला जा, पोहा, गा. यासाठी फी नाही, ॲप नाही, ॲटेंडन्सही नाही.